टॅक मास्टर मिक्सचे आठ महिने आणि उसाचा डीएनए

कोल्हापुरातल्या आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये जूनपासून टू-एक्स टॅक मास्टर मिक्स वापरतेय, म्हणजे पीसीआरसाठी (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढायला) लागणारं टॅक एन्झाइम, मॅग्नेशियम वगैरेचं दुप्पट तीव्रतेचं तयार मिश्रण. काम उसाच्या डीएनएवर. २५ मायक्रोलिटरच्या रिॲक्शनला १२.५ मायक्रोलिटर मिक्स घ्यायचं; उरलेल्यात प्रायमर (कोणता तुकडा वाढवायचा ते ठरवणारे छोटे डीएनए धागे), टेम्प्लेट (ज्याच्या प्रती काढायच्या तो डीएनए) आणि पाणी. पिपेटिंग कमी झालं, हा फायदा पहिल्याच आठवड्यात पटला.

तरी जुलैत एकामागून एक जेल (प्रती आल्या का ते बँडच्या, म्हणजे पट्ट्यांच्या रूपात दाखवणारे) कोरे गेले. लॅडर (मापासाठीचा तयार डीएनए) लख्ख, बाकी लेनमध्ये प्रायमर डायमरसुद्धा (प्रायमर एकमेकांना चिकटून होणारा तुकडा) नाही. मी सगळा दोष मिक्सला दिला. ॲनिलिंग (प्रायमर चिकटण्याचं तापमान) ५८ वरून ५५, मग ५२ अंशांवर आणलं, ३० च्या ३५ सायकल केल्या. काही फरक नाही. मग मॅडमनी विचारलं, "पॉझिटिव्ह कंट्रोल कुठाय?" मिक्स वाचवायला मी तोच, म्हणजे नक्की बँड देणारा नमुना, वगळला होता! खात्रीचा प्लाझ्मिड (छोटा गोल डीएनए) लावला तर झकास बँड. त्याच प्लाझ्मिडमध्ये आमचा उसाचा डीएनए १ मायक्रोलिटर घातला आणि बँड गायब. मिक्स ठणठणीत होतं, एन्झाइमचा गळा आमचं टेम्प्लेटच आवळत होतं.

नॅनोड्रॉपवर (डीएनएची शुद्धता मोजायच्या यंत्रावर) प्रथिनांची भेसळ दाखवणारं २६०/२८० चं गुणोत्तर १.८ दिसलं म्हणून मी निर्धास्त होते. इतर भेसळ दाखवणाऱ्या २६०/२३० कडे पाहिलंच नव्हतं, ते ०.९ होतं, हवं २ च्या आसपास. उसाच्या पानातले पॉलिसॅकराइड आणि पॉलिफिनॉल डीएनएबरोबर येतात आणि एन्झाइमला अडवतात. पेलेट (तळाशी बसलेला डीएनएचा गोळा) चिकट, पिपेटच्या टिपला ओढला जायचा, तेव्हाच ओळखायला हवं होतं. ५० पट पातळ केल्यावर बँड आला. बीएसए (असे अडथळे बांधून ठेवणारं प्रथिन) घातल्यावर १० पट पातळ केलेल्यालाही आला. आता जून झालेलं पान घेत नाही, कोवळा पोंगा घेते, सीटॅब बफरमध्ये (पानातून डीएनए काढायच्या द्रावणात) पॉलिफिनॉल पकडणारं पीव्हीपी घालते आणि क्लोरोफॉर्मची धुलाई दोनदा करते.

मिक्सबद्दल खरी तक्रार एकच. मॅग्नेशियम १.५ मिलिमोलरवर बांधलेलं आहे; वाढवता येतं, कमी करता येत नाही. आमच्या एका प्रायमर जोडीला नको ते बँड येतात, ते टाळायला मॅग्नेशियम कमी करून बघायचं असतं, तिथे हात बांधले जातात. त्या जोडीसाठी सुटं टॅक आणि वेगळं मॅग्नेशियम क्लोराइड मागवलंय.

पावसाळ्यात वीज जाते, म्हणून मिक्स आल्याआल्या १०० मायक्रोलिटरच्या ट्यूबमध्ये वाटून ठेवते आणि फ्रीझरमध्ये आइस पॅकच्या मधोमध रचते. दाराच्या कप्प्यात कधीच नाही. पुढची ऑर्डरही याच मिक्सची दिलीय.