नंबरच सांगत होता, मी वाचला नाही

गेल्या हिवाळ्यात माझे ३८५ डॉलर बुडाले. एवढ्या रकमेने कोणी रस्त्यावर येत नाही. पण ज्या कामात उभी हयात घालवली त्याच कामात गंडलो, हे काही अजून पचत नाही. पिंपरीच्या एका टूलरूममध्ये अकरा वर्षं आणि इथे कनेक्टिकटमध्ये पंचवीस वर्षं मी साचेच बनवले. दुसऱ्याचा साचा हातात आला की आधी उघडून आतली बाजू बघायची, ही सवय हाडात भिनलेली. आणि नेमकं तेच या वेळी केलं नाही.

छंद जरा विचित्र आहे, म्हणून आधी तो सांगतो. मी शिशाच्या गोळ्या पाडायचे जुने साचे जमवतो. माझ्याकडे बंदूक नाही, गोळी मी कधी पाडलेली नाही. मला त्या साच्यांचं काम आवडतं, एवढंच. इथे बंदुका वापरणारे बरेच लोक शिसं वितळवून घरच्या घरी गोळ्या पाडायचे, अजूनही पाडतात. साचा म्हणजे दोन लोखंडी ठोकळे, त्यांच्यावर एक फिरती पट्टी (भोकाच्या वर उरलेलं शिसं ती कापते), आणि ठोकळे उघडायला-मिटायला लाकडी मुठींचे दोन दांडे, सांडशीसारखे. दांडे ठोकळ्यांच्या खाचेत सरकवून एकेका स्क्रूने धरलेले असतात, त्यामुळे ते बदलता येतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आतली पोकळी कशी कोरतात ते बघण्यासारखं असतं. गोळीच्या आकाराचंच एक दातेरी कटर असतं, त्याला चेरी म्हणतात. ते फिरत असताना दोन्ही ठोकळे दोन बाजूंनी हळूहळू त्याच्यावर मिटवत आणायचे. दोन्ही अर्धे एकाच वेळी, एकाच कटरने कोरले जातात. जन्माची जोडी. म्हणून कारखाने दोन्ही ठोकळ्यांवर जोडीचा एकच बारीक आकडा मारत. आकडे वेगळे दिसले तर समजायचं, नवरा एका लग्नातला आणि नवरी दुसऱ्या लग्नातली.

माझ्या कपाटात बहुतेक आयडियल आणि लायमन या दोन कंपन्यांचे साचे आहेत. आयडियल ही जॉन बार्लो यांनी १८८४ मध्ये काढलेली न्यू हेवनची कंपनी. १९१० मध्ये ती मार्लिन या बंदुकांच्या कंपनीकडे गेली आणि १९२५ मध्ये लायमनने घेतली. लायमन मिडलफील्डची, म्हणजे माझ्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर. लायमनने पुढेही कित्येक वर्षं साच्यांवर आयडियल हे नाव चालू ठेवलं. त्यामुळे नुसतं नाव बघून वय कळत नाही. वय कळतं नंबरावरून, आणि माझ्या घोड्याने इथेच पेंड खाल्ली.

नेटवर जाहिरात दिसली. ‘आजोबांच्या तळघरातून. आयडियल, न्यू हेवन, १८९० चं दशक. नंबर ४२९४२१. मूळ दांड्यांसकट.’ फोटो तीन, तिन्ही बाहेरून, पिवळ्या दिव्याखाली काढलेले, साचा तेलाने माखलेला. मूठ काळपट, ठोकळ्यावर न्यू हेवन ठसठशीत.

आता हा नंबर वाचा. पहिले तीन आकडे गोळीचा व्यास सांगतात, ०.४२९ इंच. (.४४ म्हणवणाऱ्या पिस्तुलाची गोळी प्रत्यक्षात ०.४२९ ची असते. बंदूकवाल्यांच्या नावांत असले घोळ भरपूर आहेत.) पुढचे ४२१ म्हणजे त्या गोळीच्या घडणीचा क्रमांक. ही घडण बंदुकांवर लिहिणारे आयडाहोचे एल्मर कीथ यांची, १९२० च्या दशकाच्या अखेरची, लायमनच्या काळातली. ज्या .४४ स्पेशल काडतुसासाठी त्यांनी ती केली ते काडतूसच मुळी विसाव्या शतकातलं. १८९० च्या साच्यावर ४२९४२१ असणं म्हणजे पेशवे दप्तरात टाइप केलेलं पत्र सापडण्यासारखं आहे.

हे मला माहीत नव्हतं का? होतं. याच नंबरचा लायमनचा एक साचा माझ्याकडे आहे. पण डोक्यात ‘न्यू हेवन’ आणि ‘मूळ दांडे’ एवढंच घुमत होतं. शिवाय विकणाऱ्याने लिहिलं, आणखी दोघांनी विचारलंय, आज रात्रीपर्यंत सांगा.

आतल्या बाजूचा फोटो मी मागितला, तेवढी अक्कल शाबूत होती. फोटो आला. पोकळी स्वच्छ, कडा धारदार, एका ठोकळ्याचा खालचा कोपरा किंचित टवका उडालेला. मग तो म्हणाला, पैसे मित्राला पाठवता त्या पर्यायाने पाठवा, म्हणजे कमिशन वाचेल आणि पोस्टेज मी भरेन. पोस्टेजचे चौदा डॉलर वाचले याचा मला चक्क आनंद झाला होता.

पार्सल नवव्या दिवशी आलं. डबा उघडला आणि पहिला आला तो वास. जुन्या लोखंडाला तेलाचा, धुराचा, मेणाचा वास असतो. याला व्हिनेगरचा येत होता. गंज तांबडा-नारिंगी, बोटाला लागणारा. शंभर वर्षांचा गंज तपकिरी असतो आणि लोखंडाला चिकटून बसतो. न्यू हेवनच्या अक्षरांवरून अंगठा फिरवला तर कडा टोचल्या. पंच मारला की धातू कडेला वर उचलला जातो, आणि वर्षानुवर्षं हाताळल्यावर ती कड झिजून सपाट होते. भिंगाखाली पाहिलं तर अक्षरांचे तळ लख्ख पांढरे. आजूबाजूला गंज आणि अक्षराच्या खड्ड्यात चकाकी. म्हणजे आधी गंज चढवला आणि पंच नंतर मारला. भामटाही आळशी निघाला!

साचा उघडला. एका ठोकळ्यावर जोडीचा आकडा ६४२, दुसऱ्यावर २१८. टवका उडालेला कोपरा कुठेच नाही. फोटो दुसऱ्याच साच्याचा होता. पोकळीत सेरोसेफ ओतून पाहिलं. हा कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू, ओतल्यावर तासाभराने मोजला की नेमकं माप देतो. एका दिशेने ०.४३१, दुसरीकडे ०.४३६, आणि जोडाच्या रेषेवर नखाला लागेल एवढी पायरी. कोणीतरी घासून दोन अनोळखी अर्ध्यांचं जमवायचा प्रयत्न केला होता.

दांड्यांची कथा तर अजून मजेशीर. ते दोन पोकळ्यांच्या मोठ्या साच्याचे, या ठोकळ्याच्या खाचेत बसेनात, म्हणून कानशीने घासून बसवलेले. आडवे ओरखडे ताजे होते. मुठीचं लाकूड ओल्या फडक्याने पुसलं तर फडकं चहासारखं झालं. खाली कोवळं, पांढरं लाकूड.

बायको शेजारीच बसली होती. म्हणाली, “अहो, मी पदर उलगडून बघितल्याशिवाय साडी घेत नाही, आणि तुम्ही साचा न उघडता घेतलात?” मी म्हटलं, फोटो मागवला होता. “फोटो कोणाचा होता?” यावर मी काय बोलणार.

विकणाऱ्याला लिहिलं. पहिल्या दिवशी उत्तर आलं की मी काही जाणकार नाही, आजोबांचं सामान होतं. दुसऱ्या दिवशी त्याने मला ब्लॉकच केलं. पैसे पाठवणाऱ्या ॲपचं म्हणणं, मित्राला दिलेल्या पैशाला खरेदीचं संरक्षण लागू नाही. नियम तसाच आहे आणि पैसे पाठवताना पडद्यावर तसं लिहिलेलंही होतं. पोलिसांत आणि सायबर तक्रारीच्या साइटवर नोंद केली. पोच मिळाली.

पुण्याचा भाचा म्हणाला, मामा, नकली तर नकली, येताना घेऊन ये, शोकेसमध्ये ठेवू. त्याला नाही म्हटलं. आपल्याकडच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येतच तो बनवण्याची यंत्रसामग्रीही धरली आहे. विमानतळावर कस्टमवाल्याला ‘हा माझा छंद आहे’ हे समजावत बसण्याची माझी तयारी नाही. इथून कोणी हौसेने असलं काही नेणार असेल तर आधी नीट चौकशी करा.

साचा फेकला नाही. खऱ्या ४२९४२१ च्या शेजारीच ठेवलाय. क्लबातल्या नव्या पोरांच्या हातात दोन्ही देतो आणि विचारतो, खोटा कुठला? बहुतेक जण आधी मुठी बघतात, मीही तेच केलं होतं.

मार्चमध्ये दुसऱ्या नावाने पुन्हा जाहिरात दिसली. तोच पिवळा दिवा, तेच आजोबा. आतला फोटो या वेळी त्याने न मागता लावला होता, खालच्या कोपऱ्याचा टवका उडालेला. किंमत ४२५ डॉलर, आणि साल लिहिलं होतं १८८०. तेव्हा आयडियल कंपनी निघायलाच अजून चार वर्षं होती.