जुना टेक्नो २९३ विंडसर्फिंग बोर्ड : दोन सीझन वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, बोर्ड माझ्यासाठी नाय, पोरीसाठी घेतला. ती आता चौदा वर्षांची. मी फौजेतनं रिटायर होऊन साताऱ्यात आलो, सर्व्हिसमध्ये असताना मुंबईला सेलिंग आणि विंडसर्फिंग (शीड लावलेल्या बोर्डवर उभं राहून वाऱ्यावर पळायचं) केलं होतं, ते डोक्यातनं कधी गेलंच नाय. आपल्याकडं वाऱ्याला तोटा नाय, चाळकेवाडीच्या पवनचक्क्या काय उगाच उभ्या केल्यात का, आणि धरणं पण भरपूर, मग पोरीनं एक दिवस विचारलं की पप्पा मला शिकवता का, तेव्हा मी सेट शोधायला लागलो.

घेतला तो बिक कंपनीचा टेक्नो २९३, जुना, बोर्ड, मास्ट (शीड लावायची काठी), बूम (हातात धरायचा आडवा दांडा), फिन (बोर्डच्या बुडाचं पातं) आणि ६.८ स्क्वेअर मीटरचं शीड, सगळं मिळून ७५ हजारांत. गोव्याहून बोलेरोच्या टपावर बांधून आणला, निपाणीला एकदा दोऱ्या परत आवळल्या तेवढंच.

बोर्ड २९३ सेंमी लांब, ७९ रुंद, व्हॉल्यूम २०५ लिटर. म्हणजे माझं ८२ किलोचं धूड पण आरामात तरंगतं आणि पोरगी तर पहिल्या दिवशीच उभी राहिली. मधे डॅगरबोर्ड, म्हणजे पाण्यात खाली सोडायची फळी, आहे, हे आपल्या धरणांसाठी लय महत्त्वाचं. सकाळी कण्हेर धरणावर वारा नावाला असतो, तेव्हा डॅगर खाली सोडला की बोर्ड बाजूला न घसरता वाऱ्यावर चढतो, आणि दुपारी तीननंतर पश्चिमेकडनं वारा सुटला की डॅगर पायानं वर घ्यायचा, मग तोच बोर्ड पाण्यावरनं सुसाट पळतो. एकाच बोर्डवर दोन्ही शिकता येतं. डोंगरामुळं वारा झोतानं येतो, एकसारखा नाय, म्हणून डाऊनहॉल (शीड मास्टवर खाली ताणायची दोरी) चांगला ओढून घ्या, ढिला ठेवला तर शीड पोट काढतं आणि झोत आला की पोरांच्या हातातनं बूम सुटतो.

वजनाला मात्र जड आहे. पोरीला एकटीला उचलून पाण्यापर्यंत नेता येत नाय, एमआयडीसीतल्या एका ओळखीच्या फॅब्रिकेटरकडनं दोन चाकांची ट्रॉली करून घेतली. पण तोच जडपणा कामाला पण येतो, कारण हा बोर्ड मार खातो. एप्रिल-मे मध्ये पाणी उतरलं की काठाला दगड वर येतात, फिन ४६ सेंमीचा, तीनदा घासला, बोर्डच्या बुडाला ओरखडे पडले, पण अजून पाणी आत गेलेलं नाय. हलका कार्बनचा रेसिंग बोर्ड असता तर पहिल्याच महिन्यात रिपेअरला गेला असता.

आता मुद्द्याचं. एवढा जुना बोर्ड घेऊन पोरगी रेस करू शकते का? करू शकते, आणि ह्याच कारणासाठी मी हा घेतला. टेक्नो हा वन-डिझाइन क्लास आहे, म्हणजे सगळ्यांचा बोर्ड एकाच साच्यातला, शीड आपापल्या गटात एकाच मापाचं, फिन तोच. वयाप्रमाणं शीड ठरलेलं, १३ च्या आतल्यांना ५.८, १५ च्या आतल्यांना ६.८, १७ च्या आतल्यांना ७.८. रेसला एक बोर्ड, एक शीड, एक फिन एवढंच न्यायचं. शिवाय नियम क्लोज्ड पद्धतीचे, म्हणजे नियमात ज्या गोष्टीला स्पष्ट परवानगी दिलेली नाय ती करायचीच नाय. कुणी म्हणेल मी फिन घासून पातळ करतो, चालणार नाय.

ह्याच्या उलट फॉर्म्युला विंडसर्फिंग हा रेसचा दुसरा क्लास. तिथं कंपन्यांना मोकळीक होती, फक्त बोर्डची रुंदी १००.५ सेंमीच्या आत आणि फिन ७० सेंमीच्या आत, आणि एका स्पर्धेला एक बोर्ड, तीन शीडं, तीन फिन नोंदवायचे. ऐकायला मर्यादा वाटते ना? पण दरवर्षी कंपनी नवं मॉडेल काढणार, ते थोडं तरी फास्ट असणार, मग मागच्या वर्षीचा सेट मागं पडणार आणि तीन शीडं तीन फिन म्हणजे खर्च तिप्पट. आपल्याकडं बैलगाडा शर्यतीत जसं लाखांनी पैसे मोजून खोंड आणणारा आणि घरच्या गोठ्यातला खोंड पळवणारा ह्यांच्यात फरक पडतो, तसंच. घरच्या खोंडावर प्रेम कितीबी असू दे, मैदानात पळतं ते वेगळंच.

गेल्या वर्षी गोव्याला ज्युनियरची एक रेस होती, तिथं पोरीच्या शेजारी एका मुलीचा कोरा करकरीत सेट होता, प्लास्टिक पण नीट निघालेलं नव्हतं. आमच्या बोर्डचा रंग उडालेला, पोरीचं तोंड उतरलं. मी म्हणलं बाळा, मोजायला आलेत ते रंग मोजत नायत. पाच रेसमध्ये तिनं त्या मुलीला तीनदा मागं टाकलं, दोनदा ती पुढं गेली, आणि ज्या दोन रेस हरली त्या स्टार्टला उशीर झाला म्हणून हरली. घरी येताना गाडीत कराडपर्यंत ती फक्त स्टार्टबद्दल बोलत होती, बोर्डबद्दल एक शब्द नाय. मला त्यात लय समाधान वाटलं.

हा काय बारक्या पोरांचा खेळण्यातला बोर्ड नाय बरं का. युथ ऑलिम्पिकला २०१० सिंगापूर आणि २०१४ नानजिंगला हाच होता, २०१८ ब्युनॉस आयर्सला ह्याचाच ८.५ च्या शीडवाला टेक्नो प्लस.

आणि क्लास किती वर्षं टिकतो ह्यावर पण सगळं अवलंबून असतं. ऑलिम्पिकमध्ये १९८४ ला विंडग्लायडर, १९८८ आणि १९९२ ला वेगवेगळे लेखनर बोर्ड, मग मिस्ट्रल १९९६ ते २००४, मग आरएसएक्स २००८ पासून टोकियोपर्यंत, आणि २०२४ पॅरिसला आयक्यूफॉइल, ज्याच्या बुडाला फॉइल म्हणजे पाण्यातले पंख असतात आणि ते बोर्ड पाण्याच्या वर उचलतात. दर वेळी बोर्ड बदलला की जुने सेट ऑलिम्पिकसाठी बाद, भंगाराच्या भावात जातात. आरएसएक्स चार ऑलिम्पिक टिकला म्हणून जुने सेट फिरत राहिले, अन् ऑलिम्पिकमधनं गेल्यावर सुद्धा २०२३ मध्ये हांगझोऊ एशियाडला आपल्या इबाद अलीनं त्याच्यावरच ब्राँझ आणलं. फॉइल बघायला भारी आहे, मी नाय म्हणत नाय, पण तो सेट लाखांत जातो आणि आमच्या कण्हेरच्या दगडात फॉइल घालायची माझी हिंमत नाय.

आता तक्रारी. पहिली, विकणाऱ्यानं सांगितलं होतं सगळं ओके आहे, घरी येऊन बघतो तर डॅगरच्या खाचेचं रबर फाटलेलं, त्यातनं पाणी उसळतं आणि स्पीड जातो. ते रबर मागवायला सहा आठवडे गेले. दुसरी तक्रार मोठी आहे, शीड ओरिजिनलच लागतं. शीडाचा पारदर्शक भाग मोनोफिल्मचा, म्हणजे पातळ प्लास्टिकचा, उन्हात तो पिवळा पडतो, कडक होतो, मग तडे जातात. आमच्या शीडाला दुसऱ्या सीझनला खालच्या पॅनेलला तडा गेला. डागडुजी करता येते, आकार बदलायचा नाय एवढंच, पण नवं पाहिजे तर त्याच कंपनीचं, इथल्या शीड शिवणाऱ्याकडनं अर्ध्या पैशात शिवून घेतलेलं रेसला चालत नाय. वर डिलिव्हरी, वर कस्टम ड्युटी. खर्च आवरायला केलेल्या नियमानं एकाच दुकानाला बांधून ठेवायचं, हे मला पटत नाय. माप, कापड आणि वजन पक्कं करून दोन-तीन कारखान्यांना परवानगी दिली तरी शर्यत सारखीच राहील. बाकी सारखा साचा असला तरी दोन फिन अगदी एकसारखे कधीच निघत नायत, ज्याच्याकडं पैसा आहे तो पाच घेऊन त्यातला बरा निवडू शकतो, तेवढी फट राहतेच.

बोर्डला ५ पैकी साडेचार, शीडाला तीन.

जुना घेणार असाल तर मास्टचा पाया जिथं बसतो त्या पट्टीजवळ बोटानं दाबून बघा, मऊ लागलं तर परत फिरा. डॅगर पूर्ण आत-बाहेर करून बघा, रबर बघा, शीड उन्हाकडं धरून तडे बघा. धरणावर परवानगी काढूनच उतरा आणि लाइफ जॅकेट अंगात असल्याशिवाय पोराला पाण्यात सोडू नका, पोहता येत असलं तरी.

पुढच्या वर्षी पोरगी १७ च्या गटात जाईल, बोर्ड तोच राहणार, फक्त ७.८ चं शीड आणि त्याला बसेल असा मास्ट बघतोय. आत्ताचं ६.८ पुतण्यासाठी ठेवलंय, तो बारा वर्षांचा आहे आणि दर रविवारी ट्रॉली ढकलायला यायला लागलाय.