जुन्या ४०७ च्या केबिनचा तळ: चिकटवलेले कार्पेट की सुटी रबरी मॅट?

जुन्या टाटा ४०७ या छोट्या मालवाहू ट्रकची केबिन घरच्या घरी नव्याने करायला घेतली, की साधारण तिसऱ्या रविवारी काम एका प्रश्नापाशी अडते. सीटा अंगणात ताडपत्रीखाली ठेवलेल्या असतात, कुजलेला नमदा, म्हणजे तळावरचा जाड दाबीव थर, खरवडून झालेला असतो, जिथे पत्रा गेला होता तिथे वेल्डिंगचे ठिगळ लागून त्यावर रेड ऑक्साइडचा, म्हणजे गंज रोखणाऱ्या रंगाचा, हात फिरलेला असतो, आणि आता या तळावर काय घालायचे हे ठरवल्याशिवाय सीटा परत बसवता येत नाहीत. पर्याय मुख्यतः दोनच असतात. एक तर कुशनवाल्याकडून कार्पेट आणि त्याखालचा नमदा आणून तो सोल्यूशनने पत्र्याला चिकटवायचा, किंवा रबरी मॅट मापाने कापून नुसती अंथरायची. मी हे दोन्ही एकाच गाडीत केले आहे: आधी कार्पेट, दोन पावसाळ्यांनंतर ते काढून मॅट. त्यामुळे पुढे जे लिहिले आहे त्याला मोजमापाचा आधार नाही, वापराचा आहे, आणि ते तेवढ्याच बेताने घ्यावे.

आमची गाडी १९९८ सालची, घरच्या शेतीच्या कामाची. खताची पोती, गुळाचे रवे, हंगामात भाजी, आणि अधूनमधून लग्नाची भांडीही तिने वाहिली आहेत. मुक्काम कोल्हापूर जिल्ह्यातल्या भुदरगड तालुक्याच्या पश्चिम अंगाला, म्हणजे जून ते सप्टेंबर पाण्यातच. हे आधीच सांगतो, कारण माझ्या निर्णयात या पावसाचा वाटा मोठा आहे.

कार्पेटच्या बाजूने जे बोलायचे ते मनापासून बोलले पाहिजे. ४०७ मध्ये इंजिन पायांच्या अगदी शेजारी, केबिनमधल्या कुबडाखाली बसलेले असते, आणि तिचे ४९७ जातीचे इंजिन चढाला लागले की शेजारी बसलेल्या माणसाशी बोलताना आवाज चढवावाच लागतो. नमदा आणि कार्पेट घातल्यावर हा आवाज स्पष्टपणे खाली आला. किती, ते सांगता येणार नाही, पण कोल्हापूरहून परत येताना पत्नीने पहिल्यांदाच वाटेत झोप काढली, हे माझ्यापुरते पुरेसे प्रमाण होते. डाव्या पायाला कुबडाकडून लागणारी धगही कमी झाली. दिसायला तर विचारूच नये. राखाडी कार्पेट, त्याच रंगाच्या रेक्झिनच्या सीटा, दारांच्या आतल्या बाजूला नवे पॅनेल. पंचवीस वर्षांची गाडी उभी आहे असे कोणाला वाटत नव्हते. शिवाय कार्पेट वळणावर नीट बसते. कुबडाचा उतार, सीटच्या चौकटीखालची पायरी, दाराच्या उंबऱ्याची कड या सगळ्या ठिकाणी मॅट जिथे ताठ उभी राहते, तिथे कार्पेट हाताने दाबले की मान टाकते. घरी काम करणाऱ्या नवख्या माणसाच्या कापण्यातल्या चुकाही ते झाकून घेते.

मॅटच्या बाजूने पहिल्या दिवशी बोलण्यासारखे फारसे काही नसते. ती स्वस्त आहे, धुता येते, आणि थोडी केविलवाणी दिसते.

आता ज्या एका गोष्टीने माझा कौल फिरवला ती सांगतो. पहिल्या पावसाळ्यात, जुलैच्या मध्यावर, क्लचजवळचा कोपरा बुटाखाली किंचित मऊ लागू लागला. वरून हात फिरवला तर कार्पेट कोरडे होते. अंगठ्याने जोर देऊन दाबले तेव्हा नखाभोवती पाणी वर आले. मी त्या दिवशी दोन्ही दारे उघडी ठेवून आत टेबलपंखा लावला, दुसऱ्या दिवशी घटकाभर ऊन पडले तेव्हा गाडी उन्हाकडे तोंड करून उभी केली, आणि संध्याकाळी समाधान मानले. आठवड्याने कोपरा पुन्हा मऊ. वरचा थर वाळत होता, खालचा नमदा मात्र स्पंजासारखा पाणी धरून बसला होता, आणि तो चिकटवलेला असल्यामुळे उचलून त्याखाली वारा घालण्याची काहीच सोय नव्हती. ऑगस्टपासून केबिनमध्ये ओल्या गोणपाटासारखा वास सुरू झाला. तो वास कपड्यांना लागून घरात येई. गणपतीत आलेल्या पाहुण्यांनी गाडीत बसल्याबरोबर काचा खाली केल्या, तेव्हा मी काही बोललो नाही. वास पूर्ण गेला तो दिवाळीनंतर, आणि पुढच्या जूनमध्ये पहिल्याच सरीला परत आला.

ओल सगळ्याच गाड्यांत शिरते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. खाली काय चालले आहे हे पाहताच येत नाही, हे मात्र मला सहन झाले नाही. दुसरा पावसाळा संपल्यावर, नोव्हेंबरात, मी धीर करून तो कोपरा पात्याने कापून उचलला. वेल्डिंगच्या शिवणीच्या कडेने रंग फुगला होता, आणि फुगा नखाने फोडल्यावर आतून तपकिरी भुकटी निघाली. पत्रा अजून गेला नव्हता, पण त्या वाटेला लागला होता. आमच्याकडे त्यात खताचीही भर पडते. बुटांबरोबर युरियाचे दाणे केबिनमध्ये येतात, ते नमद्यात उतरतात, हवेतली ओल ओढून घेतात, आणि कोरड्या दिवशीही तळ पूर्ण वाळू देत नाहीत. मग सगळेच कार्पेट काढावे लागले. ते फाडायला तासभर पुरला, पण खालचे सोल्यूशन काढायला दोन रविवार गेले. थिनर, पोचारा, पत्र्याची धारदार पट्टी, आणि गुडघ्यांवर बसून खरवडणे. सोल्यूशनने रंगाशी इतके सख्य जोडले होते, की निघताना ते दोन वर्षांपूर्वी मन लावून मारलेला रेड ऑक्साइड सोबत घेऊनच निघाले. त्या दोन रविवारांनी माझ्या मनातला तराजू जो झुकला तो झुकलाच.

येथे कोणी म्हणेल की दोष कार्पेटचा नाही, पाणी आत येऊ दिले हा आहे. हा आक्षेप बराचसा खरा आहे, आणि कोणताही पर्याय निवडला तरी तळावर काही घालण्यापूर्वी गळती शोधलीच पाहिजे. मी ते उशिरा केले. तळावर वर्तमानपत्राची पाने पसरली, पुतण्याला विजेरी देऊन आत बसवले, आणि बाहेरून समोरच्या काचेवर, दारांवर, छताच्या कडेवर पाइपने एकेका ठिकाणी पाणी सोडत गेलो. कागदावर ओल कुठे उमटते ते तो सांगत होता. समोरच्या काचेच्या रबराचा खालचा डावा कोपरा कडक होऊन पत्र्यापासून सुटला होता, आणि वायरिंग जिथून आत येते तिथल्या भोकाचे रबरी बूच कधीच गळून गेले होते. दोन्ही ठिकाणे बुजवली. पाणी पूर्वीच्या मानाने नक्कीच कमी झाले.

परंतु पूर्ण थांबले नाही, आणि मला वाटते ते थांबणारही नाही. कार्पेट ही काचा बंद ठेवून वातानुकूलनात चालणाऱ्या गाडीची चैन आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड मालवाहू गाड्यांच्या केबिनमध्ये वातानुकूलन बंधनकारक झाले आहे. त्या गाड्यांना कार्पेट कदाचित शोभेलही. १९८६ साली बाजारात आलेल्या ४०७ च्या जुन्या केबिनमध्ये मात्र भर पावसातही काच चार बोटे खाली ठेवल्याशिवाय समोरच्या काचेवरची वाफ जात नाही. शिवाय चिखलातून आलेला माणूस बूट काढून आत चढत नाही, आणि हमाल दार उघडे ठेवूनच पावती मागतो. हे सगळे पाणी वरून येते, ते कोणत्याही रबराने अडत नाही.

आता मॅटचे दोष, कारण तेही थोडेथोडके नाहीत. पहिला दोष धोक्याचा आहे. सुटी मॅट पुढे सरकली तर तिची कड ॲक्सिलेटरच्या पेडलखाली अडकू शकते. माझ्या बाबतीत हे एकदा अंगणातच झाले, म्हणून निभावले. त्यानंतर मी पेडलांसमोर चांगला वीतभर भाग मॅटशिवाय मोकळा ठेवला, दाराच्या उंबऱ्यावर ॲल्युमिनियमची पट्टी स्क्रूने बसवून मॅटची कड तिच्याखाली घेतली, आणि आतली कड सीटच्या चौकटीखाली दाबली. आता ती हलत नाही, आणि चार स्क्रू काढले की पाच मिनिटांत बाहेर येते. दुसरा दोष आवाजाचा, आणि त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. नमदा मी फक्त कुबडाच्या वरच्या बाजूला, रेक्झिनच्या आवरणाखाली ठेवला आहे, कारण तिथे पाणी साचत नाही आणि धग सर्वांत जास्त तिथूनच येते. एवढ्याने कार्पेटच्या वेळची शांतता परत आली नाही. माझ्या कानांच्या हिशेबाने निम्मी आली असावी. पत्नीचे मत याहून कडक आहे.

तिसरी गोष्ट मॅटच्या जातीची. बाजारात स्वस्तात मिळणारी, हाताला काळे लावणारी मॅट घेऊ नये. उन्हात तिला टायर जळल्यासारखा वास येतो, आणि दोन उन्हाळ्यांत ती वळणावर चिरते. दुकानात तुकडा पूर्ण दुमडून पाहावा. घडीवर पांढरट रेघ उमटली तर दुसरी मागावी. खालच्या बाजूने गुळगुळीत असलेल्या मॅटपेक्षा बारीक गाठींची मॅट बरी, कारण गाठींमुळे मॅट आणि पत्रा यांच्यात थोडी हवा खेळते. कारण पाणी मॅटखालीही जाते, हे लपवण्यात अर्थ नाही. फरक एवढाच, की पावसाळ्यात दर पंधरवड्याला मी ती उचलून कुंपणावर टाकतो, तळ फडक्याने पुसतो, आणि चहा होईपर्यंत दोन्ही वाळलेले असतात. पासिंगला जाण्याआधी तळाचा पत्रा डोळ्यांनी पाहून घेता येतो, हा त्यातलाच एक फायदा.

कापण्याच्या बाबतीत एक सूचना करावीशी वाटते. संपूर्ण तळाची एकसंध मॅट दिसायला चांगली असली, तरी ती बाहेर काढायची म्हणजे सीटच सोडवावी लागते, आणि मग सुटेपणाचा उपयोगच उरत नाही. चालकाचा आणि क्लीनरचा असे दोन भाग करावेत, आणि प्रत्येक भाग आधी जाड पुठ्ठ्यावर कापून गाडीत बसवून पाहावा. मी पहिला भाग थेट मॅटवर आखला, आणि हँडब्रेकच्या जागी दोन बोटांचे अंतर चुकले. तो तुकडा आता गोठ्याच्या दारात आहे.

सीटांसाठी रेक्झिन की कापड, हाही प्रश्न याच वेळी येतो. त्यावर मी फार वेळ घालवला नाही. ज्या कारणाने कार्पेट नको, त्याच कारणाने कापड नको. एप्रिलमध्ये रेक्झिन पाठीला चिकटते हे मान्य, पण त्यावर सुती टॉवेल टाकता येतो आणि तो धुताही येतो.

गाडी जत, आटपाडी किंवा माण-खटावकडची असेल, वर्षातले दहा महिने धूळच खात असेल, आणि मालापेक्षा माणसांसाठी जास्त वापरली जात असेल, तर माझा अनुभव आपल्याला तंतोतंत लागू पडेल असे मी म्हणणार नाही. तिकडे कार्पेट कित्येक वर्षे सुखाने टिकत असेल. आजऱ्याच्या, गगनबावड्याच्या किंवा घाटाखालच्या गाडीसाठी मात्र मी मॅटच सुचवीन. आणि तिथेही कार्पेटचाच मोह होत असेल, तर निदान पेडलांपासून सीटच्या पुढच्या कडेपर्यंतचा भाग चिकटवू नये. तेवढा तुकडा वेगळा कापून त्याखाली नमदा न घालता नुसता ठेवावा, आणि त्या भागातल्या पत्र्याच्या शिवणी सीलंटने भरून वर रंगाचा एक हात जास्त द्यावा. सोल्यूशन मागच्या बाजूला, सीटांखालीच वापरावे.