बी.एस्सी. की बी.ई.? आमच्या विहिरीवरून सांगतो

बारावीचा निकाल लागला की आमच्या घरी फोन सुरू होतात. ताई परभणीत भौतिकशास्त्र शिकवते, मी संभाजीनगरला पंपांच्या कामात इंजिनिअर आहे. पाहुण्यांना वाटतं, दोघांना एकदम विचारलं की सोक्षमोक्ष लागेल. प्रश्न बहुतेक एकच असतो: "मार्क चांगले आहेत, मग बी.ई.लाच घालायचं ना?" मार्कांवरून हे ठरवू नये असं आम्हा दोघांनाही मनापासून वाटतं. का, ते विहिरीवरून सांगतो.

आमच्या रानातली विहीर ४५ फूट. मी अकरावीत असताना मार्चमध्येच पाणी खाली गेलं आणि काठावर बसवलेली मोटर नुसती फिरायला लागली. फूटव्हॉल्व्ह, म्हणजे पाइपाच्या तळाची झडप, बदलला, पाइपाचे सांधे आवळले, मोटरीत चार वेळा पाणी भरलं. शेवटी मिस्त्री आला. त्याने दोरीला दगड बांधून विहिरीत सोडला, भिजलेली खूण पाहिली आणि म्हणाला, "पाणी अठ्ठावीस फुटावर गेलंय. पंचवीसच्या पुढं ही ओढत नसती. खाली टप्प्यावर उतरवा." चौघांनी दोरखंड लावून मोटर उतरवली. थोड्याच वेळात पाटाला पाणी आलं.

ताई तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. ती म्हणाली, मुळात पंप पाणी ओढतच नाही. तो पाइपातला दाब कमी करतो आणि विहिरीच्या पाण्यावर हवेचा जो दाब असतो, तो पाणी वर ढकलतो. समुद्रसपाटीला हा दाब फार तर ३४ फूट पाणी चढवतो. आपलं पठार पाच-सहाशे मीटर उंचीवर, म्हणून इथे ३२ च्या आसपास. मग मिस्त्रीचे २५ कुठून आले? मधले सात फूट पाइपातल्या घर्षणात, बेंडमध्ये, फूटव्हॉल्व्हच्या जाळीत जातात. शिवाय दाब फार उतरला की पंपातच पाण्याची वाफ होते आणि ते बुडबुडे फुटून आतलं चाक खातात, म्हणून थोडी सवड ठेवावी लागते.

३४ हा विज्ञानाचा आकडा आणि २५ हा अभियांत्रिकीचा. ३४ च्या मागचा नियम कुठल्याही विहिरीला सारखाच लागू. उंची सांगा, हिशोब होतो. २५ मात्र या पाइपाचा, या पंपाचा, या उन्हाळ्याचा आहे, आणि ज्याला उद्या सकाळी पाणी हवंय त्याच्या उपयोगाचा आहे. हा फरक मला पुढे चार वर्षं कॉलेजात कुणी इतका स्पष्ट सांगितला नाही.

"अभियांत्रिकी म्हणजे विज्ञानाचा वापर" असं आपण पाठ करतो. ते खरं आहे, पण अर्धंच. पंप साधारण १० मीटरच्या पुढे पाणी चढवत नाही, हे इटलीतल्या पंपवाल्यांना आधी अनुभवाने कळलं. गॅलिलिओला त्याचं कोडं पडलं आणि १६४३ च्या सुमारास टॉरिचेलीने पाऱ्याच्या नळीने ते उलगडलं. म्हणजे ज्ञान विहिरीवरून प्रयोगशाळेत गेलं. भूजलाचा हिशोब ज्या नियमावर चालतो तो १८५६ मध्ये मांडणारा हेन्री डार्सी तर इंजिनिअरच होता. फ्रान्समधल्या दिझाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचं काम करताना त्याने वाळूतून पाणी कसं झिरपतं ते मोजलं. उलट दिशेचं उदाहरण रानातच आहे. फॅरेडेने १८३१ मध्ये विद्युतचुंबकीय प्रवर्तन शोधलं. त्याच तत्त्वावर फिरणाऱ्या मोटरीचं टेस्लाचं पेटंट १८८८ चं. आपली थ्री-फेज मोटर त्याच घराण्यातली. तत्त्व हाती आल्यावरही मधे ५७ वर्षं लागली, आणि ती कामाची वर्षं होती.

दोन्हींतला सगळ्यात मोठा फरक मला चुकीत दिसतो. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीची जमीन हादरली तेव्हा मी तिसरीत होतो. तेव्हाच्या भूकंप-धोक्याच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होता, कारण दख्खनचं पठार स्थिर मानलं जात होतं. विज्ञानात समज चुकली तर ती दुरुस्त करणं हेच काम असतं. ताईच्या शब्दांत, "आमची चूक पुढच्या माणसाला उपयोगी पडते." इंजिनिअरची चूक माणसांच्या अंगावर कोसळते.

किल्लारीकडच्या घरांच्या भिंती दोन-अडीच फूट जाड, दगड मातीत बसवलेले, आतला थर आणि बाहेरचा थर एकमेकांना न बांधलेले. वर माळवद, म्हणजे लाकूड-मातीचं सपाट छप्पर, आणि गळती थांबावी म्हणून त्यावर वर्षानुवर्षं चढवलेली माती. उन्हाळ्यात ती माती घर गार ठेवायची. पण न्यूटनचा नियम साधा आहे: वजन जास्त, तर हादऱ्यात बलही जास्त. त्यानंतर जी दुरुस्ती सांगितली गेली ती खेड्यातल्या गवंड्याला जमेल अशी होती: भिंतीत आरपार जाणारे दगड, दारं-खिडक्यांच्या वरून सगळीकडे फिरणारा काँक्रीटचा पट्टा, माळवदावरची माती कमी. २००२ च्या भारतीय मानकात झोन १ काढूनच टाकला आणि किल्लारीचा भाग झोन ३ मध्ये आला. भूकंप तिथेच का झाला, यावर भूशास्त्रज्ञांची चर्चा पुढे चालत राहिली. तोवर घरं बांधणाऱ्यांना थांबता आलं नाही. अपुऱ्या माहितीवर ठरवायचं आणि त्याखाली सही करायची, हे ज्याला झेपतं त्याने बी.ई.कडे यावं.

आता व्यवहार. बी.ई. चार वर्षांची, आणि पदवीनंतर लगेच नोकरी शोधता येते. फी जास्त, कॉलेज बघून घ्यावं लागतं. कार्यशाळेत यंत्रं चालू आहेत का, हे स्वतः जाऊन पाहा. इमारतीवर जाऊ नका. बी.एस्सी. स्वस्त आणि घराजवळ होते, पण ती पहिली पायरी आहे. एम.एस्सी., नेट किंवा सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, पीएच.डी. धरून आठ-दहा वर्षांची तयारी लागते. ताईने कितीतरी वर्षं तासिका तत्त्वावर काढली, त्या काळात घर कसं चाललं ते मला माहीत आहे. हे मुलांपासून लपवू नये. विज्ञानाची ओढ खरी असेल तर पुण्याच्या आयसरसारख्या, विज्ञानाचं शिक्षण आणि संशोधन करणाऱ्या केंद्रीय संस्थांची प्रवेश परीक्षा जरूर द्यावी. आपल्याकडे सीईटी आणि नीटच्या गर्दीत तिचं नावच कुणी काढत नाही.

आणि गणित सोडू नका. लातूरच्या वाऱ्याने बायोलॉजीकडे गेलेली कितीतरी लेकरं नंतर हळहळतात. बारावीला गणित असेल तर बी.एस्सी.नंतरही अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, आणि बी.ई. झालेला गेट ही पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा देऊन संशोधनाकडे वळू शकतो.

विज्ञान आणि अभियांत्रिकीची ही सरमिसळ बघायची असेल तर हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथकडे बघा. तिथे गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहणार आहे. २०२३ मध्ये केंद्राने २,६०० कोटींची मंजुरी दिली. काटकोनातल्या दोन भुजा, प्रत्येकी ४ किलोमीटर, आत निर्वात नळी. मोजायचं काय, तर प्रोटॉनच्या दहा हजाराव्या भागाहूनही बारीक हालचाल. आइन्स्टाइनने या लहरींचं भाकीत १९१६ मध्ये केलं, त्या पहिल्यांदा पकडल्या गेल्या २०१५ मध्ये, अमेरिकेतल्या अशाच यंत्रांवर. आरसे टांगणारे, पंप लावणारे, कंपनं थोपवणारे हात नसते तर ते भाकीत कागदावरच राहिलं असतं. हिंगोलीच्या माळावर दोन्ही पदव्यांना काम आहे, याचा मला फार आनंद होतो.

घरी येणाऱ्या मुलांना आम्ही हल्ली विहिरीची गोष्ट सांगतो आणि गप्प बसतो. कुणी विचारतं, "३४ च का? पाण्याऐवजी पारा असता तर?" त्याला ताई आत घेऊन जाते. गेल्या रविवारी मावसबहिणीच्या मुलीने विचारलं, "मग मोटरच पाण्यात का नाही सोडली?" पाणबुडी मोटर हे त्याचंच उत्तर: ती खालून ढकलते, म्हणून तिला ३४ फुटांची अट नाही. शेडमध्ये एक जळालेली पडली होती. पाने घेऊन आम्ही दोघं ती खोलायला बसलो.