कोझी मिस्टरी: आठ महिने, सतरा पुस्तकं, दोन वाचक (त्यातली एक नुसती ऐकणारी)

आधीच सांगते, मी काय मोठी वाचणारी बाई नाही. अंबाजोगाईत माझं मेडिकल आहे, बी.फार्म होऊन बावीस वर्षं झाली, आणि या बावीस वर्षांत मी वाचलं काय तर पाकिटावरची एक्स्पायरी आणि डॉक्टर लोकांचं अक्षर. दुपारी दोन ते साडेचार दुकानात चिटपाखरू फिरकत नाही, उन्हाळ्यात तर पाचपर्यंत रस्ता रिकामा, मग मोबाईल घ्यायचा आणि रील बघत बसायचं, संध्याकाळी डोळे चुरचुरायचे आणि काय बघितलं म्हणून विचारलं तर एक आठवायचं नाही. मागच्या दिवाळीत मुलगा पुण्याहून आला तेव्हा त्याचा जुना ई-रीडर माझ्याकडं टाकून गेला, म्हणाला आई यात वीसेक पुस्तकं भरलीत, खुनाची आहेत पण भीती वाटत नाही. मी म्हटलं खुनाचं आणि भीती नाही, हे कसलं रे. तर आता आठ महिने झाले, सतरा पुस्तकं झाली, अठरावं चालू आहे, म्हणून म्हटलं जरा सविस्तर लिहावं, कारण "छान आहे, नक्की वाचा" असल्या ओळीनं कुणाला काय कळतंय.

किटलीतला चहा गार होऊ नये म्हणून वरून घालायची ती टीकोझी असते बघा, त्यातलाच हा कोझी. खून होतो, पण आपल्यासमोर होत नाही. मुडदा सापडतो, कुणीतरी किंचाळतं, आणि पुढच्या पानावर चहा ठेवलेला असतो. रक्त नाही, अंगावर येणारं काही नाही, लेकरासमोर पान झाकावं असलं तर अजिबात नाही. गाव लहान, सगळे सगळ्यांना ओळखतात, शोध लावणारी बहुतेक वेळा एखादी रिटायर झालेली बाई, नाहीतर बेकरीवाली, नाहीतर लायब्ररीतली. आणि शेवटी खुनी सापडतो म्हणजे सापडतोच.

पहिलं पुस्तक मला सव्वा महिना लागलं. इंग्रजी येतं, पण आपलं इंग्रजी औषधांचं, तिकडच्या गप्पांचं नाही, दर पानाला शब्दावर बोट ठेवून अर्थ बघायचा. (रीडरवर हे बरं आहे, शब्दावर बोट ठेवलं की अर्थ येतो, छापील पुस्तक असतं तर मी दहाव्या पानावर सोडलं असतं.) तिसऱ्या पुस्तकापासून वेग आला, कारण ही माणसं तेच तेच बोलतात. हवा, बागेतलं काहीतरी, चर्चचा कार्यक्रम, शेजारणीची सून. एकदा ते शब्द बसले की पुढं गाडी घसरत जाते. इंग्रजी सुधारायचं असेल तर हे स्पोकन इंग्लिशच्या क्लासपेक्षा स्वस्त पडतं असं माझं मत.

आता आमच्या आत्या. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, वय ८१, जन्म केजकडचा, शाळा चौथीपर्यंत. रात्री जेवणं झाली की मी वाचत बसायचे, त्या विचारायच्या काय बघायलीस गं त्यात एवढं. एकदा सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, "त्या डाकदराचं काय झालं मग?" झालं, तेव्हापासून रोज रात्री अर्धा तास मी दिवसभरात वाचलेलं त्यांना आपल्या भाषेत सांगते. नावं त्यांना धरवत नाहीत म्हणून त्या आपल्या ओळखीची नावं देतात. पाद्रीबाबाला त्या महाराज म्हणतात, इस्टेटीच्या मालकाला देशमुख, आणि अगाथा ख्रिस्ती या इंग्रज लेखिकेची ती शोध लावणारी मिस मार्पल म्हणजे "ती विणकाम करणारी म्हातारी".

मिस मार्पल त्यांना लगेच पटली. ती म्हातारी कधी पळापळ करत नाही, कुणाच्या मागं लागत नाही, नुसतं म्हणते की हा माणूस मला आमच्या गावातल्या अमक्या पोराची आठवण करून देतो, त्यानंबी असंच गोड बोलून पैसे नेले होते. बस, तिची सगळी अक्कल त्यात आहे. गावातली माणसं नीट बघितली की जगातली माणसं कळतात. आत्या म्हणाल्या, "मग ह्याला काय पुस्तक लागतं व्हय, मी बी हेच करते." आणि खरंच करतात हो. आमच्या गल्लीत कुणाच्या घरी काय शिजायलंय ते त्यांना वासावरून आणि कोण कुणाशी कामून बोलत नाही ते दुधाच्या पातेल्यावरून कळतं.

अगाथा ख्रिस्तीबद्दल मला दुकानदार म्हणून दोन गोष्टी सांगायच्यात, कारण ह्या कोझीवाल्या सगळ्या तिच्याच लेकी-नाती. ती तशी नुसती कोझी नव्हे, काही पुस्तकं चांगली कडू आहेत. पण तिची विषं एकदम बरोबर असतात, आणि का ते मला नंतर कळलं. पहिल्या महायुद्धात ती इंग्लंडातल्या टॉर्कीच्या हॉस्पिटलात डिस्पेन्सरीत काम करायची, १९१७ साली त्याची परीक्षाही पास झाली, म्हणजे आमच्याच लाईनची बाई! तिला शिकवणारा एक फार्मासिस्ट खिशात क्युरारे नावाच्या विषाचा खडा घेऊन फिरायचा, विचारलं तर म्हणायचा जवळ असलं की अंगात ताकद वाटते. अशी माणसं मीबी पाहिलीत, क्युरारे नाही पण बाकी सगळं तसंच. तिची पहिली कादंबरी १९२० ला आली आणि फार्मसीवाल्यांच्या मासिकानं तिचं कौतुक केलं की विषाबद्दल लिहिलेलं अचूक आहे. लेखकाला एवढी शाबासकी पुरे. विष घेणाऱ्याची वहीत सही घ्यायची पद्धत तिच्या गोष्टींत येते, मी आपली एच-वन रजिस्टर (ठरावीक औषधं कुणाला दिली त्याची वही) भरता भरता ते वाचत होते, हसू आलं.

आणि ही गोष्ट तर मी गिऱ्हाइकांना सांगत सुटले. १९७७ साली लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलात कतारहून एक लहान लेकरू आणलं होतं, डॉक्टरांना निदान लागेना. तिथली एक नर्स नेमकं ख्रिस्तीचं थॅलियमच्या विषाचं पुस्तक वाचत होती, लेकराचे केस गळताना बघितले आणि तिनं डॉक्टरांना सांगितलं की हे थॅलियम असेल. तपासलं तर तेच निघालं, लेकरू वाचलं. ते पुस्तक १९६१ चं.

आत्यांना फॉक्सग्लोव्ह नावाच्या झाडाचं सांगितलं, हृदयाचं औषध त्याच्यातनंच येतं आणि जास्त झालं की तेच जीव घेतं, तर त्या म्हणाल्या, "आपल्या दारातली कण्हेर बी तसलीच की, म्हणून तर जनावरं तोंड लावत न्हाईत." बरोबर आहे, कण्हेरीतबी हृदयावरच काम करणारं विष असतं. चौथीपर्यंतची शाळा, मी बी.फार्म.

बरं, आता मुद्द्याचं, म्हणजे ह्या लेखकांचा कारखाना. ख्रिस्तीच्या ६६ रहस्यकादंबऱ्या. एम. सी. बीटन, खरं नाव मॅरियन चेस्नी, ग्लासगोची बाई, पुस्तकाच्या दुकानात काम केलं, पेपरात गुन्ह्यांच्या बातम्या केल्या, मग आधी शंभरावर प्रेमकथा लिहिल्या आणि नंतर १९८५ ला हॅमिश मॅकबेथ आणि १९९२ ला अगाथा रेझिन अशा दोन मालिका सुरू केल्या, त्या २०१९ च्या शेवटी वारेपर्यंत चालू. लिलियन जॅक्सन ब्राऊनचं तर नवलच, मांजरांची मालिका १९६६ ला सुरू केली, तीन पुस्तकांनंतर १८ वर्षं काही नाही, मग परत आली आणि एकूण २९ झाली. आत्या म्हणाल्या एवढं लिहायला ह्यांच्या घरी स्वैपाक कोण करतं. आपल्याकडं काय कमी होतं का, बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, आत्यांच्या भावाच्या उशाखाली असायच्या म्हणे, वाचनालयातून दिवसाच्या भाड्यानं आणायचा आणि वडील आले की गादीखाली सरकवायचा. तेव्हा ती वाया गेलेल्या पोरांची पुस्तकं.

माझ्या मते ह्या प्रकाराची खरी मजा ह्या रतीबातच आहे. एखादं थोर पुस्तक संपलं की चार दिवस जीव लागत नाही, इथं संपलं तर दुसरं तयार, गाव तेच, माणसं तीच, दूधवाला रोज यावा तसं. खून कुणी केला ते मला आता पहिल्या चार पुस्तकांतलं आठवतबी नाही. पण तो खेड्यातला पोलीस हॅमिश मॅकबेथ प्रमोशन टाळतो ते आठवतं, गाव सोडावं लागेल म्हणून खुनाच्या तपासाचं श्रेय वरच्या साहेबाला देऊन टाकतो आणि कोंबड्या सांभाळत बसतो. बदली टाळायला काय काय करणारी माणसं ज्यांनी बघितलीत त्यांना हा माणूस परका वाटूच शकत नाही. आणि ती अगाथा रेझिन, शहरातली पीआरवाली, म्हणजे लोकांची प्रसिद्धी करून देणारी, पैसा कमावून खेड्यात राहायला येते, गावातल्या स्पर्धेत विकतचा पदार्थ स्वतः केला म्हणून ठेवते आणि परीक्षकच मरतो! भांडकुदळ, सिगारेट ओढणारी, खोटं बोलणारी. आत्यांना ती आवडत नाही. मला लई आवडते.

आत्यांची आवडती आफ्रिकेतल्या बोत्सवानाची प्रेशसबाई. अलेक्झांडर मॅकॉल स्मिथ लिहितो ही मालिका, १९९८ पासून, हा माणूस एडिनबराला वैद्यकीय कायद्याचा प्रोफेसर होता. खून जवळजवळ नसतातच, हरवलेला नवरा, खोटा बाप, असली प्रकरणं. बाप वारल्यावर त्याची जनावरं विकून ती डिटेक्टिव्हचं ऑफिस टाकते. इथं आत्यांनी मला थांबवलं. "बापाची जनावरं इकली? मग तर चालवलंच पाहिजे तिनं." किती वेळ गप्प बसल्या होत्या. तिथल्या नाण्याला पुला म्हणतात आणि पुला म्हणजे पाऊस, हे सांगितलं तर म्हणाल्या शहाणी माणसं आहेत. २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आणलं ते दिवस आम्ही विसरलेलो नाही, पैशाला पाऊस म्हणायचं आमच्याइतकं कुणाला कळणार. तिची सेक्रेटरी परीक्षेत ९७ टक्के पडले हे भेटेल त्याला सांगते, तशी एक बाई आमच्या भिशीतबी आहे.

आता तक्रारी, कारण नुसतं गोड लिहिलं तर पैसे घेतले म्हणाल.

एक तर दहा-बारा झाल्यावर खुनी आधीच कळायला लागतो. जो पहिल्या पन्नास पानांत फार गोड वागतो आणि ज्याचं कथेत दुसरं काही काम नसतं, तोच. दुसरं, मालिकेतली पुढची पुढची पुस्तकं पातळ होत जातात, अगदी उरलेल्या वरणात पाणी घातल्यासारखी, पाहुणे वाढले की घालतो तसं. विसाव्या भागापासून सुरुवात करू नका, पहिल्या पाचात काय ते पदार्थ घट्ट असतात. तिसरं, अमेरिकन बेकरीवाल्या पुस्तकांत मागं केकच्या रेसिपी असतात, मी एक करून बघितली, एवढं बटर आमच्या घरात महिन्याला लागत नाही, आणि केक बसला. नव्या काही पुस्तकांत विष असं लिहितात की घोट घेतला आणि धाड, मला तिथं पुस्तक आपटावंसं वाटतं. छापील प्रती मागवल्या त्या दोनांपैकी एकात सोळा पानं नव्हतीच, नेमकी शेवटाजवळची, परत पाठवायला पंधरा दिवस गेले. आणि एवढ्याशा खेड्यात तीस तीस खून! सातव्या पुस्तकाला आत्यांनी विचारलं, "त्या गावात माणसं उरलीत का अजून?"

शेजारची जाऊबाई म्हणाली, वहिनी, आपल्याकडं पेपर उघडला की बांधावरून, पाण्यावरून डोकी फुटायलीत, आणि तुम्ही वर अजून खुनाचंच वाचायलाव? तिचं चूक नाही. मी पेपरातली बातमी वाचताना आधी आडनाव बघते, मग गाव, ओळखीचं निघू नये म्हणून. तिथं पोटात गोळा येतो. पुस्तकात येत नाही, कारण तिथं शेवटच्या वीस पानांत कुणीतरी सगळ्यांना एका खोलीत बसवून कोण, कसं आणि कशापायी ते नीट सांगतं, आणि सगळे ऐकून घेतात. आपल्याकडं तारीख पडते. मेलेल्याच्या बायकोला दहा वर्षं कुणी काही सांगत नाही. मग रात्री अर्धा तास ते दुसरं ऐकावं वाटलं तर वाटू द्या की.

पाचपैकी चार देते. एक त्या पातळ वरणाचा कापला. सुरुवात करायची तर इंग्रजीची भीती असेल त्यांनी बोत्सवानावाली घ्यावी, सगळ्यात सोपी भाषा तिचीच. हसायला पाहिजे तर अगाथा रेझिन. घरात म्हातारं माणूस असेल तर रिचर्ड ऑस्मनची २०२० पासूनची मालिका, वृद्धांच्या वसाहतीतले चौघं जण दर गुरुवारी जुन्या खुनांचा तपास करायला बसतात. ते ऐकल्यापासून आत्यांनी गुरुवारी उपास असला तरी दुपारची झोप सोडलीय.

अठरावं पुस्तक परवा सुरू केलं. बाहेर पाऊस, लाईट गेलेली, मी नुसतं गाव, टेकडी, चर्च आणि नदीकाठी सापडलेला माणूस एवढंच सांगितलं, तर आत्या म्हणाल्या खुनी पोस्टमास्तर. मी आज साठ टक्क्यांवर आहे. पोस्टमास्तर अजून कथेत आलेलाच नव्हता, आत्ता दुपारी आला, आणि फार गोड बोलायलाय.