अडीच लाखांची बॉडी आणि चिमटीएवढं रबर: आठ महिन्यांनंतर

नवा कॅमेरा घेऊन आठ महिने झाले. स्पेसिफिकेशन सगळ्यांना पाठ आहेत, ती सोडतो. मी रबरापासून सुरुवात करणार. व्ह्यूफाइंडरभोवती जो आयकप असतो ना, तो या कॅमेऱ्याला नुसता सरकवून बसवलाय. स्क्रू नाही, खटका नाही. चैत्र यात्रेला जोतिबावर सासनकाठ्यांच्या गर्दीत कुणाचा तरी कोपर लागला आणि गेला. गुलालात वाकून रबर शोधणारा माणूस त्या दिवशी डोंगरावर मी एकटाच असेन.

एवढंसं तर रबर, म्हणाल. पण मी चष्मेवाला. रबर नसलं की उघडी कड काचेवर घासते. दोन लग्नं तशीच काढली आणि उजवी काच बदलावी लागली. बावीसशे रुपये!

सर्व्हिस सेंटर कोल्हापुरात नाहीच, पुण्याला फोन. "सर, पार्ट मागवावा लागेल." आयकपचे अठराशे, कुरिअर वेगळं. तीन आठवड्यांनी पार्सल आलं ते दुसऱ्याच मॉडेलचं, आणि परत पाठवायचा खर्च म्हणे माझा. बॉडी घेताना शोरूममध्ये चहा पाजला होता, तेवढ्यात फिटलं वाटतं.

त्या रागात 'जुना, लहान सेन्सरचा क्रॉप कॅमेराच बरा होता' असं चार जणांना सांगून बसलो. ते मागे घेतो. खासबागेत दिवे लागल्यावरच्या कुस्त्यांना जुन्यावर आयएसओ, म्हणजे प्रकाश टिपायची संवेदनशीलता, ३२०० च्या पुढं गेली की हौद्यातल्या मातीपेक्षा फोटोतले दाणेच जास्त. आता ६४०० ला शटर १/५०० सेकंदावर ठेवतो, आणि पैलवानाच्या पाठीला चिकटलेली माती सुटी दिसते. दोन कार्ड स्लॉटलाही मी उधळपट्टी म्हणत होतो. मे महिन्यात ऐन अक्षता पडताना एक कार्ड बंद पडलं, दुसऱ्यावर सगळं होतं. गप्प बसलो.

सायलेंट शटरच्या, म्हणजे आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरच्या, मात्र नादाला लागू नका. कार्यालयातल्या एलईडीखाली नवरीच्या चेहऱ्यावर आडवे पट्टे येतात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. मेकॅनिकल शटर, १/१०० सेकंद, विषय संपला. स्टेजमागच्या एलईडी वॉलचं गणित वेगळं, तिथं एक-दोन फोटो काढून बघायचे. बॅटरी जुन्यापेक्षा लवकर संपते, लग्नाला तीन लागतात.

तर रबर. चुकीचा आलेला आयकप घेऊन शिवाजी उद्यमनगरात गेलो. पंपाची गॅस्केट करणाऱ्या एका मामांना दाखवला. त्यांनी उलटा-सुलटा करून विचारलं, "कुठल्या पंपाचं हाय?" कॅमेरा पुढं ठेवला तर आधी हात पुसून आले. कानशीनं प्लॅस्टिकची चौकट घासून खाचेत बसवली, वर जाड मऊ रबर कापून चिकटवलं. वीस मिनिटं. "दीडशे द्या, आणि च्या सांगा." मूळच्यापेक्षा मऊ आहे, आणि ओढून काढायचं म्हटलं तर नख लावावं लागतं.

पावसात पन्हाळ्याला जाऊन आलोय, हललेलं नाही. उद्या कॅमेरा विकायला काढला तर ते रबर मात्र काढून ठेवणार.