घरात पाणी शिरल्यावर मिस्त्री लावायचा की कंपनी बोलवायची?

सोलापुरात सप्टेंबर २०२५ च्या पावसानंतर ओळखीतल्या बऱ्याच जणांनी मला हे विचारलंय, म्हणून एकदा नीट लिहितो. पाणी उपसून झालं, गाळ धुऊन झाला, आता भिंतींचं काय करायचं? एक तर ओळखीचा मिस्त्री लावायचा, तो खराब प्लास्टर पाडून नवीन करतो आणि पेंटरही तोच घेऊन येतो. नाहीतर पाणी शिरलेली घरं वाळवायचंच काम करणारी कंपनी बोलवायची, मला ती पुण्याहून बोलवावी लागली. शेजारच्या घरात माझे थोरले बंधू राहतात, दोन्ही घरं एकाच प्लॅनची, एकाच नाल्याचं पाणी दोघांच्या खालच्या मजल्यात घुसलेलं. दादांनी मिस्त्री लावला आणि मी कंपनी, त्यामुळे तुलना आपोआपच झाली.

पैशाच्या बाबतीत कंपनी महाग पडते, त्यात वाद नाही. दादांचा आणि माझा एकूण खर्च शेजारी ठेवला तर माझा जवळपास दुप्पट झाला. कंपनीच्या बिलावर जीएसटी वेगळा, गाडीभाडं वेगळं. मिस्त्रीचा हिशोब आठवड्याच्या आठवड्याला होतो आणि चार पैसे कमी करा म्हटलं तर तो करतो पण. लवकर येण्यातही मिस्त्रीच पुढे, फोन केला की संध्याकाळी दारात. इकडे सीना नदीचं पाणी चढलं, लांबोटीजवळ पुणे हायवेची वाहतूक थांबवली आणि कंपनीची गाडी तिकडेच अडकली, म्हणजे नेमकी जेव्हा गरज तेव्हाच ती येऊ शकली नाही. हा मुद्दा मी हलका धरत नाही, कारण ओल्या घरात बुरशी धरायला एक-दोन दिवस पुरतात.

कंपनीचा त्रासही सांगून ठेवतो. फोनवर बोलणारा एक असतो आणि घरी येणारा दुसरा, दोघांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. ते हवेतला दमटपणा ओढून घेणारं डीह्युमिडिफायर नावाचं मशीन रात्रंदिवस घरघरतं, आईला खालच्या मजल्यावर झोप लागेना म्हणून तिला वर हलवावं लागलं. खिडक्या बंद ठेवायच्या, लाईट बिल वाढणार, आणि लाईट गेली की सगळंच ठप्प.

एवढं असूनही परत वेळ आली तर मी कंपनीच बोलवीन, आणि त्याला कारण एकच आहे, भिंत वाळली हे कोण ठरवतं आणि कशावरून.

दादांकडे काय झालं, मिस्त्रीनं कमरेपर्यंतचं प्लास्टर पाडलं, पंखे लावले, नवीन प्लास्टर केलं, आणि काम खरंच चांगलं होतं, ओळंबा लावून बघा, कुठे वाकडं नाही. पण प्लास्टर होऊन थोडे दिवस गेले तोच पेंटर पुट्टीचं पोतं घेऊन हजर. दादा म्हणाले, थांबा अजून, ओल असेल. तर मिस्त्री तळहात भिंतीवर टेकवून म्हणतो, "मालक, हात लावून बघा की, खडखडीत वाळलीय. दिवाळीच्या आत मोकळं करून देतो तुम्हाला." हाताला कोरडीच लागत होती, खोटं नव्हतं ते. पण वीट आणि प्लास्टर पाणी आत ओढून घेतात, वरचा थर आधी वाळतो, आतलं पाणी सावकाश बाहेर येतं, आणि वरून पुट्टी आणि प्लास्टिक पेंट चढवला की त्याला वाटच राहत नाही. संक्रांतीपर्यंत दादांच्या हॉलमध्ये खालच्या दीड-दोन फुटात रंगाला फुगवटे आले, बोटानं दाबलं की पापडी सुटून यायची आणि आत पांढरा खार. कपाट सरकवलं तर मागची भिंत अजून वाईट, आणि कपाटाचं प्लाय खालून फुगलेलं.

यात मिस्त्री वाईट माणूस आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. त्याच्याकडे तेव्हा रांगेनं घरं होती, मजूर बसवून ठेवून त्याला परवडत नाही, आणि दिवाळीच्या आत घर पाहिजे ही घाई आपल्या घरातूनही असतेच. पण भिंतीनं किती दिवस घ्यायचे हे दिवाळीवर ठरत नसतं ना, आणि ही घाईच मला सगळ्यात जास्त खटकली.

माझ्याकडे कंपनीचा जो मुलगा आला तो आधी खाली काही न करता सरळ वर गेला. वरच्या खोलीतल्या कोरड्या भिंतीत त्यानं ओल मोजायच्या मीटरच्या दोन सुया टेकवल्या आणि आकडा लिहून घेतला. मी विचारलं, इथं कशाला, इथं तर पाणी आलंच नाही. तर म्हणाला, हे मीटर मुळात लाकडासाठी असतं, प्लास्टरवर जो आकडा दिसतो तो खरा टक्का नसतो, म्हणून याच घरातली कोरडी भिंत किती दाखवते ते आधी बघायचं आणि खालची भिंत त्याच्या जवळ आली की वाळली समजायचं. मग खाली येऊन स्कर्टिंगची फरशी काढली आणि प्रत्येक भिंतीवर पेन्सिलनं गोल करून बाजूला तारीख आणि आकडा लिहिला. जिन्याखालच्या कोपऱ्यात हाताला एकदम कोरडं लागायचं, पण तिथला आकडा काही केल्या खाली येईना, आणि तो कोपरा उतरेपर्यंत त्यानं मशीन हलवलं नाही. खार असला तर मीटर उगाच जास्त दाखवतं हेही त्यानंच सांगितलं, तिथं आधी खार खरवडून मग मोजायचा.

खिडक्या बंद ठेवायचं कारणही मला तेव्हाच कळलं. सोलापूरची हवा एरवी कोरडी, मार्च-एप्रिलमध्ये घर भिजलं असतं तर खिडक्या उघडून पंखे लावले की बरंच काम झालं असतं, तेव्हा मशीनला एवढे पैसे द्या असं मी सांगणार नाही. पण सप्टेंबरमध्ये बाहेरच्या हवेतच दमटपणा असतो, खिडक्या उघड्या ठेवल्या की तो आत येतो. डीह्युमिडिफायरची नळी बाथरूममध्ये सोडली होती, त्यातून पाणी निघत होतं ते बघितलं की पटतं.

अजून एक फरक विम्याच्या वेळी जाणवला. माझी भारत गृह रक्षा पॉलिसी होती, त्यात पुराचं नुकसान धरतात. सर्व्हेअरनं जे मागितलं, फोटो, तारखा, भिंतींचे आकडे, पक्कं बिल, ते सगळं कंपनीकडे तयार होतं. मिस्त्रीकडे वहीतलं पान असतं. विमा नसेल तर अर्थात हा मुद्दा तुमच्यासाठी नाही.

आता कुठं कंपनी नको तेही सांगतो. गच्चीवरची टाकी भरून वाहिली आणि स्लॅबला डाग पडला, किंवा गच्चीची भेग गळतेय (आपल्याकडे पाणी रोज येत नाही म्हणून गच्चीवर टाक्याच टाक्या), तर चांगला मिस्त्री पुरे, तिथं भेग बुजवणं महत्त्वाचं. जमिनीतूनच ओल वर चढत असेल तर मशीन लावून काही होणार नाही, मशीन गेलं की ओल परत येणार. स्वच्छ पाणी थोडंसंच सांडलं असेल तरी पंखे बास. पण नाल्याचं किंवा ड्रेनेजचं पाणी भिंतीला लागून उभं राहिलं असेल तर माझं मत कंपनीकडे झुकतं. तसल्या पाण्यात भिजलेल्या गाद्या-उशा टाकूनच द्या. आणि धुताना ब्लीचिंगबरोबर संडासचं ॲसिड चुकूनही वापरू नका, त्यातून विषारी वायू निघतो, त्या आठवड्यात मी लोकांना हे करताना बघितलंय म्हणून मुद्दाम लिहितोय.

पैसे वाचवायचे असतील तर मधला मार्ग आहे, मी तोच केला. कंपनीकडून फक्त वाळवून घेतलं आणि प्लास्टर, पुट्टी, रंग सगळं दादांच्याच मिस्त्रीकडून. त्याचा हात चांगला आहेच. कंपनीवाले सगळं काम आम्हालाच द्या म्हणून थोडा आग्रह करतात, पण वाळवण्याचं कोटेशन वेगळं मागितलं की देतात. फक्त नवीन प्लास्टर झाल्यावर त्यातलं पाणी सुकायलाही वेळ द्यायचा आणि पेंटरला बोलवायच्या आधी एक करून बघायचं, भिंतीवर प्लास्टिकचा हातभर तुकडा चारही बाजूंनी टेपनं चिकटवून एक दिवस ठेवायचा. आतून थेंब धरले तर पेंटरला अजून थांबवा. मीटरइतकं पक्कं नाही हे, पण तळहातापेक्षा कितीतरी बरं.

फोन करताना मिस्त्री असो की कंपनी, एकच विचारा, भिंत वाळली हे तुम्ही कशावरून ठरवता? कंपनी असली तरी "आमचं चार दिवसांचं पॅकेज आहे" असं उत्तर आलं तर मी तरी ॲडव्हान्स देणार नाही.